समुद्र ओलांडणारे छोटे इंजिन

प्लेझान्सच्या विमानतळावर पाहुण्यांना पोहोचवायला गेलो की आपणा सर्वांची नजर मोठ्या विमानांवर असते. एअर मॉरिशसचे ए-३५० वळण घेऊन धावपट्टीकडे निघाले की मुले आजोबांचा हात ओढून ते दाखवतात. त्याच मैदानाच्या कडेला कधी कधी एक लहानसे पांढरे जेट विमान उभे असते. शेपटीच्या अलीकडे दोन बाजूंना दोन पुष्ट नळकांडी, खाली उघडलेले दार आणि दाराशी रुग्णवाहिका. ज्यांच्या घरचे माणूस अशा विमानातून उपचारासाठी परदेशी गेले आहे, त्यांना ते चित्र पाठ असते. इतरांना ते श्रीमंतांचे वाहन वाटते, आणि पुष्कळदा ते असतेही.

पण एवढेसे विमान आपल्या बेटापर्यंत येऊ शकते आणि येथून आजारी माणूस घेऊन परत जाऊ शकते, ही गोष्ट आपोआप घडलेली नाही. तिच्यामागे त्या दोन नळकांड्यांतील यंत्राचा मोठा वाटा आहे. त्या यंत्राचे नाव जरा रुक्ष आहे: टीएफई ७३१. अमेरिकेतील गॅरेट कंपनीने ते बनवले. त्याची घडण कशी आहे आणि ते कोठे कोठे वापरले गेले, हे आम्ही आज सांगणार आहोत. वाचकांनी यंत्रविद्या शिकलेली असण्याची गरज नाही. रॉड्रिग्सला विमानाने जाऊन आलेल्या कोणालाही हा विषय कळेल.

प्रथम नकाशा पाहू. मॉरिशसहून रियुनियन सुमारे २३० किलोमीटर, मादागास्करची राजधानी अंतानानारिव्हो हजार किलोमीटरच्या थोडे पुढे. जोहान्सबर्ग आणि नैरोबी, दोन्ही तीन हजारांच्या वर. मुंबई ४,७०० च्या जवळपास आणि मध्ये बहुतेक सगळा समुद्र. शिवाय बेटाकडे येणाऱ्या वैमानिकाला केवळ पोहोचण्यापुरते तेल भरून चालत नाही. धावपट्टी बंद असेल तर दुसरीकडे जाण्याइतका साठा टाकीत हवाच. एरवी रियुनियन जवळ आहे म्हणून सोपे. पण चक्रीवादळाच्या दिवसांत दोन्ही बेटे एकाच वादळाच्या छायेखाली येतात, आणि मग मादागास्करपर्यंत माघारी जाण्याचा हिशेब ठेवावा लागतो. जमिनीवरच्या देशांना हा हिशेब फारसा करावा लागत नाही.

लहान जेट विमानांचा जमाना १९६० नंतर सुरू झाला. बिल लिअर यांचे लिअरजेट २३ हे विमान १९६३ मध्ये प्रथम उडाले. दिसायला देखणे, वेगाने लढाऊ विमानासारखे. त्यात जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे सीजे ६१० हे इंजिन होते. या इंजिनाचा मूळ अवतार शत्रूच्या रडारला चकवण्यासाठी सोडावयाच्या एका छोट्या क्षेपणास्त्रासाठी तयार झाला होता. एकदाच उडून संपणाऱ्या वस्तूत तेल किती जळते याची चिंता कोण करणार? पुढे तेच इंजिन सुधारून व्यापारी मंडळींच्या विमानाला लावले गेले. ते टिकाऊ निघाले, पण तहान मात्र तशीच राहिली, आणि आवाज तर कानठळ्या बसवणारा. त्या घराण्यातील लिअरजेट २५ साधारण अडीच हजार किलोमीटरच्या आसपास दमत असे. जोहान्सबर्गहून निघून, जपून ठेवायचे तेल धरून, त्याला आपल्याकडे एका दमात येणे शक्य नव्हते.

साधे जेट इंजिन इतके तेल का पिते? माहेबूरच्या खाडीत होडी वल्हवणाऱ्या कोळ्याला याचे उत्तर ठाऊक असते. काठीने पाणी जोरजोराने मागे ढकलले तर हात दुखतात आणि होडी जागची फारशी हलत नाही. रुंद पात्याच्या वल्ह्याने पुष्कळ पाणी सावकाश मागे सारले तर तेवढ्याच श्रमात होडी पुढे जाते. हवेचेही असेच आहे. सीजे ६१० थोडी हवा घेऊन ती अतिशय वेगाने मागे फेकते, आणि मागे गेलेल्या त्या वेगवान हवेबरोबर बरीचशी शक्ती वाया जाते. उपाय म्हणजे पुढे एक मोठा पंखा लावायचा. त्या पंख्याने ओढलेली थोडी हवा आतल्या गाभ्यात जाऊन तेलाबरोबर जळते, बाकीची गाभ्याच्या बाजूने थंडच निघून मागे ढकलली जाते. यालाच टर्बोफॅन म्हणतात. आपल्या ए-३५० च्या इंजिनाचा पंखा तीन मीटर रुंद आहे, आणि गाभ्यात जाणाऱ्या हवेच्या नऊ पटींहून अधिक हवा तो बगलेने ढकलतो.

मग लहान विमानाला तसाच लहान पंखा लावला की झाले, असे वाटेल. येथेच खरी अडचण आहे.

लहान इंजिनाचा गाभा लहान, म्हणून त्यातली टर्बाइनची चाके लहान. लहान चाकाने काम करायचे तर ते भलत्याच वेगाने फिरले पाहिजे. टीएफई ७३१ मध्ये पंख्यासाठी शक्ती देणारा दांडा मिनिटाला सुमारे २१,००० फेऱ्या करतो. पंख्याचा व्यास आहे सुमारे ७१ सेंटिमीटर. आता हिशेब करून पाहावा. एका फेरीत पंख्याच्या पात्याचे टोक सव्वादोन मीटर धावते. सेकंदाला साडेतीनशे फेऱ्या म्हणजे जवळजवळ ७८० मीटर, ध्वनीच्या वेगाच्या दुपटीहून अधिक! अशा पंख्यातून हवा नीट वाहणार नाही, धक्क्याच्या लाटा उठतील, आणि पात्यांवरचा ताणही सोसवणार नाही. टर्बाइनला वेग हवा आणि पंख्याला संथपणा हवा, असा हा संसार.

ही भांडणे मिटवण्याची युक्ती रॉड्रिग्सला जाताना एटीआर विमानाच्या खिडकीतून आपण सर्वांनी पाहिली आहे. बाहेर सहा पात्यांचा पंखा मिनिटाला बाराशेच फेऱ्या करीत असतो, आणि त्याच्या मागच्या टर्बाइनचा वेग त्याच्या कितीतरी पट असतो. दोघांच्या मध्ये दातेरी चाकांची पेटी, म्हणजे गिअर. गॅरेटच्या अभियंत्यांनी तीच गोष्ट जेट इंजिनाच्या आत बसवली. मध्यावर एक दातेरी चाक, भोवती छोटी चाके आणि त्यांना वेढणारे आतून दाते असलेले कडे. दांडा २१,००० फेऱ्या करतो तेव्हा पंखा साडेअकरा हजारांच्या सुमारास फिरतो. पात्याच्या टोकाचा वेग तरीही ध्वनीपेक्षा थोडा जास्तच राहतो, पण तेवढे पंख्याला झेपते. एका दृष्टीने हे इंजिन एटीआर आणि मोठे जेट यांच्या मधल्या पायरीवर उभे आहे.

गिअर फुकट मिळत नाही. वजन वाढते. दाते एकमेकांवर घासले की उष्णता निघते, म्हणून वंगणाचे तेल सतत फिरवून थंड करावे लागते. एक जादा यंत्र म्हणजे बिघडण्याची एक जादा जागा. त्यामुळे त्या काळी पुष्कळ मोठ्या कंपन्यांनी जेट इंजिनात गिअर घालण्याचे टाळले. गॅरेटला मात्र या कामाचा सराव होता. त्यांचे टीपीई ३३१ हे पंख्याच्या विमानांचे इंजिन १९६० नंतरच्या दशकातच बाजारात आले होते आणि त्यात गिअर होताच. वाचकांना हे नाव परके वाटेल, पण यंत्र परके नाही. आपल्या राष्ट्रीय तटरक्षक दलाकडे भारतातून आलेली जी डॉर्निअर २२८ विमाने आहेत, कानपूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवलेली, त्यांच्या पंखांवर याच टीपीई घराण्याची इंजिने आहेत. म्हणजे किनाऱ्यावर गस्त घालणारे डॉर्निअर आणि रुग्ण नेणारे लिअरजेट यांचे इंजिन एकाच घरचे.

गाभा कोठून आणला हेही मजेचे आहे. विमान जमिनीवर उभे असताना आतले दिवे लागावेत, थंड हवा मिळावी, म्हणून मोठ्या विमानांच्या शेपटीत एक छोटे टर्बाइन चालू असते. त्याने विमान उडत नाही, ते घरच्या जनरेटरसारखे. गॅरेटने डीसी-१० या अमेरिकन विमानासाठी असेच एक यंत्र तयार केले होते. त्या यंत्राच्या गाभ्यावरून टीएफई ७३१ चा गाभा घडला. शेपटीतला हरकाम्या गडी पुढे येऊन गाडी हाकू लागला, असे म्हणायला हरकत नाही.

आत हवा दाबण्याचे काम दोन टप्प्यांत होते. पंख्यामागे पात्यांच्या चार रांगा हवा सरळ मागे ढकलत दाबतात. त्यानंतर एकच मोठे चाक येते. ते हवा मध्यातून घेऊन कडेला भिरकावते आणि तसे करताना तिचा दाब वाढवते. साखर कारखान्यात काम केलेल्या जुन्या मंडळींनी सेंट्रिफ्यूगल यंत्र पाहिले असेल. साखरेचे दाणे आत राहतात आणि मळी बाहेर फेकली जाते. तत्त्व तेच, फक्त येथे चाक मिनिटाला तीस हजारांच्या आसपास फिरते. पात्यांच्या बारीक रांगा अतिशय लहान आकारात नीट काम करीत नाहीत, पण एक जाडजूड चाक करते, आणि उडालेला खडा किंवा पक्ष्याचे पीसही ते अधिक सोसते. मग दाबलेली हवा ज्वलनकक्षात जाते, आणि येथे आणखी एक काटकसर आहे. हवा उलटी वळून पुढच्या दिशेने येत जळते आणि पुन्हा फिरून टर्बाइनकडे जाते. त्यामुळे ज्वलनकक्ष टर्बाइनच्या भोवती गुंडाळला जातो आणि इंजिनाची लांबी वाचते. सबंध इंजिन उभ्या माणसाहून लांब नाही. वजन साडेतीनशे किलोच्या आत. पहिल्या नमुन्याचा रेटा होता ३,५०० पौंड, म्हणजे सुमारे १,५९० किलो.

या इंजिनाला अमेरिकेत ऑगस्ट १९७२ मध्ये मान्यता मिळाली. फ्रान्सच्या दासो कंपनीचे फाल्कन १० आणि अमेरिकेचे लिअरजेट ३५ ही त्याची पहिली घरे. लिअरजेट ३५ प्रथम उडाले ऑगस्ट १९७३ मध्ये, आणि दोनच महिन्यांनी अरब देशांनी तेल रोखले. तेलाच्या किमती कशा भडकल्या हे त्या वेळच्या लोकांना सांगायला नको. दैवाने असा मुहूर्त क्वचितच साधतो. जुन्या लिअरजेटच्या मानाने नव्याला सुमारे एक तृतीयांश तेल कमी लागे, आणि पल्ला साडेतीन हजार किलोमीटरच्या पुढे गेला. जोहान्सबर्गची रेषा ओलांडली गेली ती येथे.

मे १९७६ मध्ये गोल्फपटू अर्नोल्ड पामर यांनी लिअरजेट ३६ या भावंडातून पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याला सत्तावन्न तासांहून थोडा अधिक वेळ लागला. वाटेत पॅरिस, तेहरान, कोलंबो, जकार्ता, मनिला असे थांबे होते. जाहिरातबाजी त्यात होतीच. पण लहान विमान महासागरावर भरवशाचे आहे हे लोकांना पटायला असल्या गोष्टींचाही उपयोग होतो.

दासो कंपनीने त्याच वर्षी वेगळा विचार केला. अमेरिकेत १९५३ पासून दोन इंजिनांच्या प्रवासी विमानाने उतरण्याजोग्या तळापासून साठ मिनिटांहून दूर जाऊ नये असा नियम होता, आणि तीन इंजिनांना १९६४ मध्ये त्यातून सूट मिळाली होती. खासगी विमानांवर असले बंधन नसले तरी समुद्रावर तिसरे इंजिन असले म्हणजे मनाला बरे वाटते. फाल्कन ५० मध्ये त्यांनी टीएफई ७३१ ची तीन इंजिने लावली. ते विमान नोव्हेंबर १९७६ मध्ये उडाले. इंजिन लहान आणि कमी खर्चाचे असल्यामुळेच तीन लावणे परवडले. फाल्कन ५० प्लेझान्सहून निघून न थांबता मुंबई गाठू शकते. लिअरजेट ३५ ला सेशेल्समध्ये माहे येथे उतरून तेल घ्यावे लागते. माहेपर्यंत १,७६५ किलोमीटर आणि तेथून मुंबई साधारण सव्वातीन हजार.

यानंतर या इंजिनाचा प्रसार फार झाला. ब्रिटनच्या १२५ या विमानाने जुनी व्हायपर इंजिने टाकून हेच घेतले. स्पेनचे सी-१०१, अर्जेंटिनाचे पाम्पा, तैवानचे एटी-३ आणि चीन-पाकिस्तानचे के-८, अशा शिकाऊ वैमानिकांच्या लष्करी विमानांतही ते गेले. आपल्या शेजारच्या श्रीलंकेच्या हवाई दलातही के-८ आले. अकरा हजारांहून अधिक इंजिने तयार झाली. दरम्यान गॅरेट हे नाव गेले, कंपनी हनीवेलमध्ये सामावली, पण इंजिनाचे नाव तेच राहिले. लहान टर्बोफॅनची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. विल्यम्स कंपनीचे ६६ किलो वजनाचे असेच एक छोटे इंजिन टोमाहॉक क्षेपणास्त्राला दूरवर नेते. तेल कमी लागण्याचा गुण ज्याला जसा हवा तसा वापरता येतो. भारतातही बंगळूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सने २५ किलोन्यूटन रेट्याचे आपले छोटे टर्बोफॅन हाती घेतले. त्याचा गाभा डिसेंबर २०१५ मध्ये प्रथम चालवण्यात आला.

आणि ज्या गिअरला मोठे कारखानदार बिचकत होते तोच गिअर प्रॅट अँड व्हिटनीने मोठ्या प्रवासी विमानाच्या इंजिनात घातला. तसे पहिले ए-३२० निओ जानेवारी २०१६ मध्ये सेवेत आले. मधे चव्वेचाळीस वर्षे गेली होती.

आता पुन्हा रुग्णाच्या विमानाकडे वळू. तेलाच्या हिशेबाचा आणि माणसाच्या जिवाचा संबंध तेथे फार जवळचा आहे.

विमानातली हवा इंजिनातूनच येते. कॉम्प्रेसरने दाबलेली थोडी हवा काढून, थंड करून डब्यात सोडतात. म्हणजे स्ट्रेचरवरचा रुग्ण जी हवा घेतो ती आधी त्या भिरभिरणाऱ्या चाकांतून जाऊन आलेली असते. पण आतला दाब सहसा जमिनीइतका ठेवत नाहीत. उंच उडताना तो सुमारे २,४०० मीटर उंचीवरच्या हवेएवढा असतो. आपले सर्वांत उंच शिखर, पितों द ला पेतित रिव्हिएर न्वार, ८२८ मीटरचे. त्याच्या जवळजवळ तिप्पट उंचीवर बसल्यासारखे समजा. धडधाकट माणसाला त्याचे काही वाटत नाही. पण ज्याच्या फुप्फुसाभोवती हवा साठली आहे, ज्याच्या डोक्याची नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, किंवा खोल बुडी मारून वर येताना ज्या पाणबुड्याच्या रक्तात बुडबुडे झाले आहेत, त्याच्या शरीरात अडकलेली हवा तेथे सुमारे एक तृतीयांशाने फुगते. अशा वेळी डॉक्टर सांगतात की आतला दाब समुद्रसपाटीचा ठेवा.

दाब तसा ठेवायचा तर विमान खालून उडवावे लागते, कारण विमानाच्या पत्र्याला आत-बाहेरच्या दाबातला फरक ठराविक मर्यादेपर्यंतच सोसतो. आणि जेट खालच्या दाट हवेत उडाले की तेल जास्त जळते. जे विमान चाळीस हजार फुटांवरून जोहान्सबर्गला सहज जाते, तेच पंचवीस हजारांवरून जाताना वाटेत तेलासाठी उतरण्याचा विचार करू लागते. उतरणे म्हणजे वेळ, परवानग्या आणि रुग्णाला आणखी एकदा खालीवर करणे. म्हणून इंजिनाने वाचवलेले प्रत्येक लिटर येथे पैशाहून मोठे असते. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. जोहान्सबर्गचा विमानतळच जवळजवळ १,७०० मीटर उंचीवर आहे. वाटेत कितीही जपले तरी दार उघडताच रुग्ण त्या विरळ हवेत येतो. रियुनियन, मुंबई, चेन्नई समुद्रकाठी आहेत. नेहमीच्या आजारात या फरकाला महत्त्व नाही, वर सांगितलेल्या आजारांत आहे.

खारी हवा हा आपल्या भागातला आणखी एक शत्रू. मिठाचा थर पात्यांवर बसला की दाब कमी होतो, तेल जास्त लागते आणि धातू खाल्ला जातो. समुद्राकाठी राहणारी इंजिने म्हणून मधून मधून स्वच्छ पाण्याने आतून धुवावी लागतात. घरापुढच्या गाडीला आपण जे करतो तेच, फक्त येथे आळस परवडत नाही.

बहुतेक रुग्ण आजही नेहमीच्या विमानानेच जातात, काही आसने मिटवून स्ट्रेचर बसवलेल्या जागी. तो मार्ग स्वस्त आहे आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर तोच बरा. स्वतंत्र विमान मागवण्याची पाळी येते तेव्हा जमिनीचा तुकडा विकावा लागलेली घरे आपल्या समाजात आहेत, आणि घाईत कोणी काही विचारत नाही. आम्हांला वाटते, चार गोष्टी विचाराव्यात. विमान कोणते, आणि ते ठरलेल्या ठिकाणी न थांबता जाते का? थांबत असेल तर कोठे, आणि तेथे रात्री तेल मिळते का? आत दाब किती उंचीचा ठेवणार, हे आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरले आहे का? विमान येथे रिकामे येण्याचा खर्च सांगितलेल्या रकमेत धरला आहे की वेगळा? बरोबर सहसा एकाच नातेवाइकाला जागा असते. त्याचा पासपोर्ट आणि वाटेत ज्या देशात उतरायचे तेथले प्रवेशाचे नियम निघण्याआधी पाहून ठेवावेत.